चालती पाचर

आमच्या दवाखान्यात कर्करोगावर किरण देण्याच्या खोलीत भिंतीला लागून एक लोखंडी फडताळ होतं आणि त्यात पाचरी ठेवलेल्या असत. सुतार लाकूड फोडायला वापरतो त्याच आकाराच्या, एका कडेला जाड आणि उतरत उतरत दुसऱ्या कडेला पातळ. फक्त या पोलादाच्या आणि शिशाच्या होत्या. किरण सोडायच्या आधी मशीनच्या डोक्याखालच्या खाचेत त्यातली एक सरकवायची. खट्ट असा आवाज झाला की ती बसली. जाड कडेतून कमी किरण खाली उतरायचे, पातळ कडेतून जास्त, आणि माणसाचं अंग जिथे निमुळतं असेल तिथे मात्रा सारखी पडायची. सगळ्यात मोठी पाचर उचलताना माझी कंबर कुरकुरायची. म्हणून मी ती उचलायचेच नाही. ते काम हाचियासानचं.

हाचियासान आमचे मुख्य तंत्रज्ञ. निवृत्तीला आलेले, पण मनगटं अजून होडी वल्हवणाऱ्या कोळ्यासारखी. आमच्याकडे रेल्वेत मोटरमन करतात तसं बोट दाखवून मोठ्यानं बोलायची त्यांना सवय. "नाव, बरोबर. टेबलाची उंची, बरोबर. पाचर, जाड कड वर, बरोबर." पाचरीवर बोट टेकवल्याशिवाय त्यांनी त्या खोलीचं जाड दार कधी लावलं नाही. बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णांनासुद्धा ते शब्द पाठ झाले होते.

माझं काम शेजारच्या खिडकी नसलेल्या खोलीत. डॉक्टर सांगतील त्या जागेवर, सांगतील तेवढी मात्रा कशी पोचवायची, किरण कुठून सोडायचे, कोणती पाचर लावायची, हे संगणकावर आखून काढायचं. लोक विचारायचे, तुम्ही डॉक्टर का? मी म्हणायचे, नाही, मी नकाशे काढते. या गोष्टीला तीस वर्षं होत आली. आता डोळ्यांना सुई ओवता येत नाही, पण ते नकाशे मिटल्या डोळ्यांनी काढता येतील असं अजून वाटतं.

त्या हिवाळ्यात ताझुको आली. किनाऱ्यावरच्या वाजिमा गावातल्या आमा वस्तीतली. आमा म्हणजे दम रोखून समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या आणि खडकांना चिकटलेले शिंपले खरवडून वर आणणाऱ्या बायका. उन्हाळाभर ती हेगुरा बेटावर असायची. चाळिशीला टेकलेली, खांदे रुंद, आवाज मोठा. पाण्यात कान गेलेले असले की माणूस मोठ्यानं बोलतो, तसा. डाव्या स्तनातली गाठ काढून झाली होती. स्तन राखायचा तर आता किरण देणं भाग होतं. ही पद्धत आमच्याकडे तेव्हा नवीनच होती. त्याआधी सरसकट सगळं काढूनच टाकायचे.

डॉक्टर कुरामोची तरुण, तोक्योहून आलेले, खोटं न बोलणारे. त्यांनी तिला सगळं समजावलं. मीही तिथे होते. ती ऐकत राहिली आणि मग तिनं उजव्या बाजूवर हात ठेवला.

"आणि हिचं काय?"

"ती बाजू निरोगी आहे."

"ते मलाही कळतं. किरण तिकडे जाणार का, ते सांगा."

"थोडे जातील. पाचरीला आपटून इकडेतिकडे उडतात, त्यातले काही."

"थोडे म्हणजे किती?"

डॉक्टरांनी आकडा सांगितला. तिनं मान हलवली. "माझ्या आईची आधी डावी गेली. मग काही वर्षांनी उजवी. मला थोडेसुद्धा नकोत, डॉक्टर."

"मग पूर्ण स्तन काढणं हा दुसरा मार्ग आहे. तोही चुकीचा नाही. त्यात बहुतेक किरण लागणार नाहीत."

"आईचं तसंच केलं होतं. त्यानंतर तिचा हात कधी डोक्यावर गेला नाही. धक्क्यावर बसून दुसऱ्यांचे शिंपले निवडायची आणि पाण्याकडे पाठ करून बसायची."

"आता शस्त्रक्रिया तशी करत नाहीत. हात राहील."

"तिलाही असंच सांगितलं होतं."

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "सोमवारपर्यंत सांगते. काढायचं तर काढूनच टाका. पाण्यात गेले नाही तर नाही. उजवीसाठी रोज रात्री जागत बसण्यापेक्षा बरं."

ती बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, "चालती पाचर."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मोजमापं पुरी झालीत?"

"एक कोन राहिलाय. शनिवारी होईल."

हे आधी सांगायला हवं होतं. आमचं नवं मशीन येऊन वर्ष झालं होतं आणि त्याला एक कला येत होती, जी आम्ही वापरतच नव्हतो. किरणांची चौकट लहानमोठी करायला मशीनच्या डोक्यात धातूचे जाड जबडे असतात. एरवी ते एका जागी उभे राहतात. पण हुकूम दिला तर किरण चालू असतानाच त्यातला एक जबडा सरकू लागतो. चौकटीच्या एका कडेपासून निघतो आणि समोरच्या स्थिर जबड्याच्या अगदी जवळ जाऊन थांबतो. ज्या कडेपासून तो निघाला ती कड लगेच झाकली जाते, तिला कमी मात्रा. जिकडे तो जात असतो ती कड शेवटपर्यंत उघडी राहते, तिला जास्त. म्हणजे पाचरीचंच काम, पण पाचरीशिवाय. मध्ये धातूच नाही, त्यामुळे किरण आपटून उडायचं ते कशावर? निरोगी बाजूला जाणारे भटके किरण जवळपास निम्म्यावर येत होते.

पण मशीनला येतं म्हणून माणसावर करायचं नसतं. आधी मोजावं लागतं. धातूच्या पाचरीखाली पाण्याच्या टाकीत मोजणारी नळी इकडून तिकडे फिरवली की झालं. चालत्या पाचरीखाली तसं चालत नाही, कारण प्रत्येक ठिकाणची मात्रा जबड्याचा सगळा प्रवास संपेपर्यंत साठत जाते. म्हणून आम्ही प्लास्टिकच्या पाट्यांच्या चवडीत फिल्म ठेवायचो, किरण सोडायचो, फिल्म धुवायचो. दर शनिवारी दुपारी, रुग्ण गेल्यावर. हाचियासान पाट्या उचलायचे आणि बडबडायचे.

"मित्सुएसान, न दिसणाऱ्या पाचरीवर मी बोट कुठे टेकवू?"

"पडद्यावर आकडे येतात ना जबड्याचे."

"आकड्यांना जाड कड असते का?"

"तुम्ही निवृत्त होताय ना, मग मला कशाला छळता?"

"म्हणूनच. एवढी वर्षं सांभाळलेली कंबर शेवटच्या वर्षी बेरोजगार करताय."

पहिली फिल्म आली तो दिवस मला आठवतो. यंत्रातून ती कोमट बाहेर आली आणि मी ती दिव्याच्या चौकटीवर धरली. एका कडेला गडद काळी, आणि तिथून उजळत उजळत दुसऱ्या कडेला जवळजवळ पारदर्शक. मध्ये कुठे रेघ नाही, पायरी नाही. कागदाचा तुकडा शाईत बुडवून अगदी सावकाश वर उचलावा, जो भाग शेवटी निघेल तो सर्वांत काळा, तशी. आणि हे कशानं केलं, तर कशानंच नाही. तिथे वस्तूच नव्हती. एक जबडा सरकला होता आणि वेळ गेला होता, बस. मी इतकी वर्षं पोलादाचे उतार हाताळले. आता नुसत्या वेळेचा उतार माझ्या हातात होता. हाचियासान माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

सोमवारी ताझुको आली तेव्हा मी तीच फिल्म तिच्यासमोर ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं की पाचर न लावता असं करता येतं, भटके किरण निम्मे होतात, शून्य होत नाहीत, आणि या दवाखान्यात हे पहिल्यांदा तिच्यावर होईल. काही लपवलं नाही.

ताझुकोनं फिल्म उभी धरली, काळी कड खाली करून. "खाली जाताना असंच दिसतं," ती म्हणाली. "वरती उजेड, मग कमी कमी होत जातो. कुठे संपला ते कधी कळत नाही."

"एक गोष्ट आणखी," डॉक्टर म्हणाले. "जबडा सरकत असताना तुमची छातीही श्वासानं वरखाली होत असते. दोन्ही हलत असले की एखाद्या ठिकाणी मात्रा थोडी कमीजास्त पडू शकते. बरेच दिवस उपचार चालतो, त्यात ते सारखं होऊन जातं. तुम्ही फक्त शांत श्वास घ्या."

"म्हणजे माझा श्वास मध्ये येतो."

"मध्ये येतो असं नाही. श्वास तर घ्यावाच लागतो ना," डॉक्टर हसले. मीही हसले.

ती हसली नाही. "एकदा येते," म्हणाली. "एकदा करून बघते. पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी येणार नाही, मग काढून टाका. चालेल?"

डॉक्टर म्हणाले, चालेल.

उपचाराच्या पहिल्या दिवशी बर्फ पडत होतं आणि ती तीन वेगवेगळ्या लोकरी टोप्या एकावर एक घालून आली होती. हाचियासाननी तिला टेबलावर झोपवलं, हात डोक्यावर घेऊन आधाराला टेकवले. डावा हात वर नेताना तिच्या कपाळाला आठी पडली, पण तो गेला. भिंतीवरून येणाऱ्या लाल प्रकाशरेषा तिच्या अंगावरच्या शाईच्या खुणांवर जुळवल्या.

"आजोबा, तुमचे हात बर्फासारखे आहेत," ती म्हणाली.

"आजोबा कुणाला म्हणतेस? आणि समुद्रात उड्या मारणारीनं थंडीची तक्रार करू नये."

"समुद्र माझ्या काखेत बोटं घालत नाही."

मग हाचियासाननी बोट वर केलं. "नाव, बरोबर. टेबलाची उंची, बरोबर." बोट मशीनच्या डोक्याखालच्या रिकाम्या खाचेपाशी गेलं आणि हवेतच थांबलं. तिथे टेकवायला काही नव्हतं. ते तसंच राहिलं, मग खाली आलं. "मी बाहेर बसून तुझ्याकडेच बघत राहीन," ते तिला म्हणाले. त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

जाड दार लागलं. बाहेर आम्ही तिघं नियंत्रणाच्या टेबलाशी. एका पडद्यावर जबड्याच्या जागेचे आकडे, दुसऱ्यावर ताझुको. मी आकड्यांकडे बघत होते, डॉक्टर माझ्याकडे, आणि हाचियासान दिलेल्या शब्दाप्रमाणे तिच्याकडे.

मी माइकवर म्हटलं, "सुरू करतोय."

आतून उत्तर आलं नाही. किरण चालू झाल्याचा दिवा लागला. आधी थोडा वेळ जबडा उघडाच राहतो. मग आकडे बदलायला लागले, हळूहळू, दशांशांत. खोलीत काहीही दिसत नव्हतं, काही हलतही नव्हतं, आणि तरी तिच्या अंगात तो उतार आखला जात होता. मी श्वास रोखून बघत होते, हे मला नंतर कळलं.

आणि तेवढ्यात हाचियासाननी हात पुढे करून थांबवायचं बटण दाबलं.

आकडे होते तिथे गोठले. दिवा विझला.

"काय केलंत?" डॉक्टर उभे राहिले.

"छाती हलत नाहीये तिची," हाचियासान म्हणाले. "बघा. बघा ना. केव्हापासून हलत नाहीये."

खरंच पडद्यावर ती दगडासारखी पडली होती. मी माइक ओढला. "ताझुकोसान. ताझुकोसान, ऐकू येतंय का?"

आतून मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला आणि मग तिचा तोच मोठा, रागावलेला आवाज. "थांबवलंत का? माझा अजून बराच दम शिल्लक होता."

हाचियासान खुर्चीत बसले, म्हणजे कोसळलेच. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते हसत होते की काय, मला बघायला वेळ नव्हता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. धातूची पाचर असती तर मध्येच थांबणं फार मोठी गोष्ट नव्हती, उरलेले किरण नंतर दिले की काम झालं. पण इथे उतार अर्धाच आखून झाला होता. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं तर आधी दिलेल्या भागावर तेवढीच मात्रा परत पडली असती. आणि तिथेच सोडून दिलं तर पाचर पुरी झालीच नसती.

"ताझुकोसान, हलू नका. हात तसेच ठेवा. श्वास घ्या, पण हलू नका."

"हलत नाहीये. काय झालं ते तरी सांगा."

"आजोबांना वाटलं तू गेलीस," हाचियासान माझ्या हातातला माइक घेऊन म्हणाले. घाबरल्यामुळे त्यांनी स्वतःलाच आजोबा म्हटलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं, "पुढे न्यायचं की आज रद्द?"

मला ठाऊक होतं, रद्द केलं तर ती उद्या येणार नाही. पण म्हणून पुढे न्यायचं नसतं. मी पडद्यावरचा आकडा वाचला. मशीननं जागा सोडली नव्हती. जबडा जिथे थांबला तिथेच उभा होता आणि किती मात्रा दिली, किती उरली, ते सगळं जसंच्या तसं होतं. शनिवारच्या मोजमापांत आम्ही मुद्दाम मध्येच थांबवून पुन्हा चालू केलेली एक फिल्मही काढली होती. तिच्यात जोड कुठे आहे ते भिंगानंसुद्धा सापडलं नव्हतं. मग मी कॅमेरा जवळ घेऊन तिच्या खुणा बघितल्या. तिचा श्वास शांत झाल्यावर लाल रेषा शाईवरून केसभरही सरकलेल्या नव्हत्या. मघा दम रोखताना तिनं छाती भरून घेतली असती तर पडद्यावर खुणा वर गेलेल्या दिसल्या असत्या. पण ती रोजच्या श्वासाच्या मध्यावरच थांबली होती. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"पुढे न्यायचं," मी म्हटलं. "जिथे थांबलं तिथून."

डॉक्टरांनी मान डोलावली.

"ताझुकोसान, उरलेलं पुरं करतोय. श्वास रोखायची गरज नाही, खरंच नाही."

"तुम्हाला नसेल. मला आहे. सांगा कधी."

मी हाचियासानकडे बघितलं. त्यांनी बोट वर केलं, पडद्यावरच्या जबड्याच्या आकड्यावर टेकवलं, आणि घसा साफ करून म्हणाले, "पाचर, बरोबर."

मी माइकवर म्हटलं, "आता."

तिची छाती थांबली. दिवा लागला. आकडे पुन्हा चालू झाले, जिथे होते नेमके तिथून. तो जबडा कोणी पाहिला नाही, किरण कोणी पाहिले नाहीत. आत एक बाई स्वतःच्याच देहाच्या तळाशी पडून होती आणि तिच्यावरून उजेडाचा एक उतार सरकत होता, आणि त्या दोघांत एवढा मेळ होता की मला क्षणभर वाटलं, हे यंत्र तिच्यासाठीच कुणीतरी बनवलंय. इतकी वर्षं मी कागदावर, पडद्यावर माणसं बघितली होती, रेषांच्या वेटोळ्यांत. त्या दिवशी पहिल्यांदा माझी रेघ आणि माणूस एकाच वेळी, एकाच जागी बघितले.

जबडा समोरच्या जबड्यापाशी पोचला. दिवा विझला.

मग इंटरकॉममधून शिट्टी आली. लांब, बारीक, वर चढत जाणारी आणि मग विरत गेलेली.

डॉक्टर दचकले. "हवा कुठून गळतेय का मशीनमधून?"

हाचियासाननी मान हलवली. त्यांचे डोळे ओले होते, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "नाही डॉक्टर. ती वर आली."

आमच्या किनाऱ्यावरच्या कुणालाही ती शिट्टी ओळखू येते. तळातून वर आल्यावर आमा पहिला श्वास सोडतात तो असा, ओठांतून, एकदम न सोडता. मी लहानपणी धक्क्यावरून ऐकलेली होती, पाण्यावरून लांबून येणारी. सिमेंटच्या जाड भिंतीआडून, माइकच्या तारेतून ती कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं.

मशीनचं डोकं दुसऱ्या बाजूला फिरवून दुसरे किरण दिले. त्यातही ती थांबली, त्यानंतरही शिट्टी आली. या वेळी हाचियासान शेवटपर्यंत बटणापासून हात दूर ठेवून बसले, म्हणजे हातांवरच बसले.

दार उघडून मी आत गेले तेव्हा ताझुको उठून बसली होती आणि टोप्या शोधत होती. तिनं उजव्या बाजूवर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. जणू ती बाजू तापलीय का ते बघत होती.

"इथे काही जाणवलं नाही," ती म्हणाली.

"जाणवत नाही ते," मी म्हटलं. "आणि थोडे गेलेच आहेत. शून्य नाहीत."

"हो, ऐकलंय. निम्मे." ती पहिली टोपी घालत होती. "निम्मे म्हणजे डॉक्टर हातचं राखून सांगतायत की खरंच निम्मे?"

"मी मोजलेत. पाट्यांवर, मोजणारी नळी त्या जागी ठेवून. खरंच निम्मे."

ती माझ्याकडे बघत राहिली, समुद्राकडे बघतात तसं, डोळे बारीक करून. मला तिला पटवायचं नव्हतं. जे होतं ते सांगून झालं होतं.

तिची उजवी बाजू शेवटपर्यंत चांगली राहिली. पण त्याचं श्रेय त्या जबड्याला द्यायचं का, हे मला ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे असं वाटतं त्याच्यावर माझा विश्वास नाही. त्या सकाळी तर हे काहीच कुणाला माहीत नव्हतं. बाहेर बर्फ पडत होतं आणि वाजिमाला जाणाऱ्या बसची वेळ झाली होती.

ताझुकोनं तिन्ही टोप्या घातल्या, डावा हात सावकाश डोक्यावर नेला आणि वरची टोपी नीट खाली ओढली. मग दारात उभ्या असलेल्या हाचियासानसमोर जाऊन थांबली.

"उद्या मी येतेय," ती म्हणाली. "आणि उद्या मला मध्येच वर ओढायचं नाही, आजोबा."